कोणतं पिंपळगाव?

नाही, पण मला एक सांगा, एका जिल्ह्यात पिंपळगावं असावीत तरी किती? दोन असू द्या, तीन असू द्या, माझं काही म्हणणं नाही... पण आमच्या नाशिक जिल्ह्यात तुम्ही कुठल्याही रस्त्याला लागा, पिंपळगाव येतंच! बसवंत आहे, बहुला आहे, खांब आहे, मोर आहे, गरुडेश्वर आहे, डुकरा आहे... हसू नका, खरंच आहे! आणि गंमत बघा, तिथला कुणीही माणूस पूर्ण नाव घेत नाही. बसवंतवाला म्हणतो ‘आमचं पिंपळगाव’, खांबवालाही म्हणतो ‘आमचं पिंपळगाव’. म्हणजे जो तो आपला एकटाच पिंपळगावचा! बाकीची सगळी काय झेरॉक्स आहेत?

तुम्हाला सांगतो, माणसानं दोन प्रश्न विचारायला कधी लाजू नये. लग्नात गेल्यावर ‘पंगत कुठं बसलीय?’ आणि नाशकात घरातून निघताना ‘कोणतं पिंपळगाव?’ मी नाही विचारलं. माझ्या भावानं, कुंदननं, नाही विचारलं. आईनं तर नाहीच नाही... आणि त्या रविवारी, एक फेब्रुवारीला, आम्ही दोघा सख्ख्या भावांनी, दोन गाड्या, दोन बायका, चार पोरं असा सगळा लवाजमा व्यवस्थित बरोबर घेऊन, शहात्तर वर्षांची आमची आई हायवेवरच्या मिसळीच्या हॉटेलात विसरून दाखवली! लोक छत्री विसरतात, चष्मा विसरतात, फार तर डबा विसरतात. आम्ही आई विसरलो.

थांबा, थांबा, असं बघू नका माझ्याकडं. नीट सांगतो. मी वाल्मीक. अंबडला कंपनीत शिफ्ट सुपरवायझर, राहायलाही तिथंच मागं. कुंदन धाकटा, तो गंगापूर रोडला, लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये. सहा वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हापासून आई, म्हणजे आमच्या कुसाबाई, तीन महिने माझ्याकडं आणि तीन महिने कुंदनकडं. याला आमच्या घरात ‘नंबर’ म्हणतात. ‘आता कुणाचा नंबर?’ ‘एक तारखेपासून कुंदनचा नंबर.’ झकास सोय! भांडण नाही, तंटा नाही, दोन्ही घरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केलेले. नातेवाईक कौतुक करायचे, ‘भाऊ असावेत तर असे, आईला कसं वाटून घेतलंय बघा!’ वाटून घेतलंय... तेव्हा हा शब्द आम्हाला बरा वाटायचा हो.

तर कुंदनच्या डोक्यात आलं, फॅमिली आउटिंग! ‘दादा, पोरं दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, त्यांना माती दाखवू, माती!’ आता माती बघायला अंबडहून घोटीच्या पुढं जायचं? माझ्या दारात सहा महिने गटारीचं काम चाललंय, पाहिजे तेवढी माती बघा म्हणावं! पण नाही. कृषी पर्यटन. हुरडा, बैलगाडी, झाडाला झोका, चुलीवरची भाकरी, ट्रॅक्टरवरून चक्कर. वडिलांच्या काळी बैलगाडीतून उतरून एसटीत बसायला मिळालं की आम्ही गावभर सांगत सुटायचो, आणि आता त्याच बैलगाडीत बसायला आधी फोन करून नाव नोंदवायचं! कुंदननं ग्रुपवर लिस्टच टाकली. पहिला थांबा, विल्होळीजवळ मिसळ, ‘मुलांना खेळायला भरपूर जागा’. दुसरा थांबा, धरणाचं पाणी, ‘फोटो छान येतात’. तिसरा थांबा, पिंपळगाव. आता हे पिंपळगाव म्हणजे मोर बरं का, घोटीच्या पलीकडचं. पण ग्रुपवर नुसतं पिंपळगाव!

मग काय, आठ दिवस घरात तेच. ‘रविवारी पिंपळगावला जायचंय.’ ‘पिंपळगावला थंडी असेल का हो?’ ‘पिंपळगावला जायचंय, होमवर्क शनिवारी उरकून टाक.’ आई कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. आणि तुम्हाला सांगतो, कधी नव्हे ती खुशीत होती! माझ्या बायकोला, पल्लवीला, म्हणते कशी, ‘डब्यातल्या कुरडया काढून दे गं थोड्या, पिशवीत घालते.’ पल्लवी म्हणाली, ‘आई, तिथं जेवण मिळतं.’ तर म्हणते, ‘जेवाण मिळंल गं... पण रिकाम्या हातानं कसं जायाचं?’ आम्ही हसलो! पर्यटन केंद्राला कुरडया! म्हातारं माणूस आहे, म्हटलं असू दे, नेऊ दे कुरडया.

आता ती मिसळीची जागा. पूर्वी मिसळ खायला एक बाकडं लागायचं, आता तीन एकर लागतात! लॉन काय, कारंजं काय, ससे, बदकं, झोपाळे, आणि एक उंट... अहो, विल्होळीला उंट! त्याचं काय काम तिथं? बरं, रविवारची गर्दी अशी की मिसळ मिळेपर्यंत पोरांनी उंटाच्या दोन फेऱ्या मारल्या, बदकांना सगळे पाव घातले, आणि काउंटरवर तो मॅनेजर हातात माईक घेऊन, ‘टोकन सत्तेचाळीस! सत्तेचाळीस, आपली मिसळ तयार आहे! सत्तेचाळीऽऽस, रस्सा गार होतोय!’ सत्तेचाळीस आमचंच होतं. आईनं चार घास खाल्ले, तिखट लागली, डोळ्यांना पाणी आलं, आणि ‘हात धुऊन येते’ म्हणून ती उठली.

आता पुढचं नीट ऐका, कारण खरी मेख इथं आहे. आई आली माझ्या गाडीतून. पण तारीख एक! म्हणजे कुंदनचा नंबर लागला. म्हणून मी पार्किंगमध्ये काय केलं, आईची पिशवी माझ्या डिकीतून काढली आणि कुंदनच्या डिकीत ठेवली. कपडे, गोळ्या, आईचा मोबाईल, सगळं तिच्यात. माझ्या मनानं काय घेतलं? काम झालं! पिशवी तिकडं गेली म्हणजे आई तिकडं गेली. आता कुंदनचं डोकं बघा. तो म्हणतो, ‘दादा, नंबर एक तारखेचा असला तरी आई आपण संध्याकाळी हलवतो ना? आजचा दिवस तुझ्यातच!’ हलवतो म्हणे! मी आरशात बघितलं, मागं कुंदनची गाडी, काळ्या काचा, म्हटलं आई बसली असेल गारव्याला. त्यानं पुढं बघितलं, माझ्या मागच्या सीटवर स्वेटर, उशा, शाली यांचा ढीग, त्याला वाटलं ती आई! निघालो. धरणापाशी आम्ही थांबलो, कुंदनच्या धाकट्याला गाडी लागत होती म्हणून तो तसाच पुढं गेला. म्हणजे तिथंही गाठ नाही.

अहो, मी सुपरवायझर आहे! आमच्या कंपनीत नियम आहे, रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस समोर येऊन उभा राहिला पाहिजे, रजिस्टरवर सही झाली पाहिजे, मगच पहिल्यानं हात पुसायचे. बावीस वर्षं मी यावरून पोरांना झापत आलोय! एका साध्या लेथ मशीनसाठी दोन सह्या घेतो मी. आणि आईसाठी काय घेतलं? काही नाही, डिकीत पिशवी ठेवली आणि गिअर टाकला.

घोटी गेली, मळा आला. दारात गोटीराम उभा. गोटीराम म्हणजे त्या मळ्यावर सगळं बघणारा माणूस, पांढरी टोपी, तोंडभर हसू. बरोबर म्हातारं माणूस आहे हे कुंदननं त्याला फोनवर सांगून ठेवलेलं. त्या भल्या माणसानं आंब्याखाली खुर्ची टाकली होती, खुर्चीत उशी, शेजारी पाण्याचा तांब्या. म्हणतो, ‘या, या! आजी कुठं हाय? त्यांना आधी सावलीत बसवा.’ मी कुंदनच्या गाडीकडं बोट केलं. कुंदननं माझ्या गाडीकडं बोट केलं. एकाच वेळी! ‘तुझ्यात आहे ना?’ ‘तुझ्यात आहे ना?’ ‘अरे, तुझा नंबर आहे!’ ‘अरे, तुझ्यातून आली!’ आमचं हे चाललंय तोवर गोटीराम बिचारा दोन्ही गाड्यांत वाकून बघून आला. म्हणाला, ‘भाऊ, दोन्हीत नाय की वो.’

मी आईला फोन लावला. रिंग वाजली... कुंदनच्या डिकीत! हॉटेलचा नंबर शोधला, लावला, कोण उचलतंय रविवारी? तिकडं टोकन नंबर ओरडायचे का फोन घ्यायचा? पल्लवीनं डिकीतली पिशवी उपसली. वर कुरडया, खाली खणाचं नवंकोरं पोलकं, आणि तळाला गोळ्या. पल्लवी रडकुंडीला आली, ‘अहो, शुगरच्या गोळ्या इथं, आणि त्या तिथं... सकाळपासून चार घास खाल्लेत हो त्यांनी!’ ऊन वाढत चाललेलं, हायवेवर ट्रक कसे सुटतात तुम्हाला ठाऊक आहे, आणि आमची आई रस्ता ओलांडताना फक्त एका बाजूला बघते. माझ्या डोळ्यांसमोर काय काय आलं ते मी इथं बोलणार नाही.

बायका-पोरं मळ्यावर ठेवली आणि आम्ही दोघंच माझ्या गाडीत बसलो. निघताना पल्लवी काच वाजवून म्हणते, ‘संध्याताईंना एक फोन करा ना!’ आम्ही दोघं एकदम, ‘नको!’ किती वर्षांनी आमचं एकमत झालं बघा! आता संध्याताई कोण? आमची थोरली बहीण. वडील गेल्यापासून तिचं एकच टुमणं, ‘आईला माझ्याकडं पाठवा रे.’ आणि आमचं ठरलेलं उत्तर, ‘दोन मुलगे धडधाकट असताना आई मुलीच्या दारात? लोक काय म्हणतील?’ तिला आता फोन करून काय सांगायचं होतं? ताई, दोन धडधाकट मुलग्यांनी आई हरवली? म्हटलं, आधी सापडू दे, मग बघू.

गाडीत आम्ही जे भांडलो! ‘तुझ्या कॅलेंडरनं घात केला!’ ‘कॅलेंडर तुझ्या बायकोनं काढलं!’ ‘मागच्या दिवाळीत दोन दिवस जास्त कुणी ठेवली?’ ‘आणि तू चार दिवस आधी आणून सोडलीस ते?’ दोन-चार दिवसांचा हिशोब काढत होतो हो आम्ही, आईच्या! असं मोजत मोजतच वाडीवऱ्हे मागं पडलं, विल्होळी आली.

हॉटेलात शिरलो, तो मॅनेजर माईकवर, ‘टोकन दोनशे बारा!’ मी म्हटलं, ‘अहो, आमची आई! हिरवं नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर...’ त्यानं माईक खाली ठेवला. ‘ती आजी? तुमची होती का ती?’ होती का म्हणे! ‘तासभर झोपाळ्यावर बसली होती ती आजी. गेटकडं तोंड करून. आमच्या भांडीवाल्या मावशींनी चहा दिला. म्हटलं, आजी, कोण आहे बरोबर? तर म्हणाली, पोरं गेली पुढं पिंपळगावला, येतील माघारी. मग तासानं म्हणाली, नाय येत वाटतं, मलाच घालून दे पिंपळगावला. आम्ही रिक्षा बघून दिली.’ मी म्हटलं, ‘कोणतं पिंपळगाव?’ तर बोट दाखवून म्हणतो, ‘हे काय, इथलंच! खांब! दुसरं कोणतं?’ आणि परत माईक उचलता उचलता म्हणाला, ‘पण साहेब, गाड्या तर दोन होत्या ना तुमच्या?’

तासभर! गेटकडं तोंड करून! कारण तिची खात्री होती हो, पोरं परत येतील. आणि तेव्हा तिचा हा थोरला कुठं होता? धरणावर! बायकोला ‘जरा डावीकडं सरक, पाणी दिसत नाही’ म्हणत होता.

सुटलो पिंपळगाव खांबला. पाथर्डी फाट्यावरून आत. किराणा दुकानापाशी गाडी थांबवली, आत चिमणाबाई म्हणून एक म्हातारी गल्ल्यावर. म्हटलं, ‘मावशी, इथं एक आजी रिक्षातून...’ ‘आली व्हती की!’ जीव भांड्यात पडतोय तोवर म्हणते, ‘पण उतरलीच नाय ती. बसल्या जागेवरून म्हनली, हे ते पिंपळगाव नाय. रिक्षावाला म्हनला, आजी, पाटी वाचू का? ती म्हनली, पाटी राहू दे, माझं गाव मला वळखू येतं. गेले मग माघारी.’ आणि गल्ल्यातून एक चिठ्ठी काढली. ‘नंबर देऊन गेलाय त्यो. म्हनला, कुनी हुडकीत आलं तर द्या. कवाची वाट बघतेय मी, दोन तास झालं... तुम्ही कोन तिचे?’ मी म्हटलं, ‘मुलगे.’ तर नुसतं ‘हं’ म्हणाली आणि साखर मोजायला लागली.

नंबर लावला. कुंदननं फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून, ‘हां, बोलो. हनीफ बोलतोय, देवळाली कॅम्पवरून.’ म्हटलं, ‘हनीफभाई, आम्ही त्या आजींचे...’ ‘अरे, कबसे राह देख रहा मैं तुमच्या फोनची!’ तो आमच्यावरच सुटला. ‘कैसे लोग हो भाई? अम्मी को ऐसे छोडते?’ ‘हनीफभाई, आई कुठंय?’ ‘सांगतो, ऐका. खांबला गेलो, आजी बोलल्या, हे नाही. मी बोललो, मग कोणतं पिंपळगाव? बहुला? गरुडेश्वर? मोर? सगळी नावं घेतली मी. आजी बोलल्या, ते मला नाय ठाऊक बाबा. माझी लेक दिलीय, ते पिंपळगाव.’

माझी लेक दिलीय, ते पिंपळगाव.

तुम्हाला सांगतो... गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली मला. संध्याताई पिंपळगाव बसवंतला दिलीय! तीस वर्षं झाली! आमच्या आईच्या लेखी जगात एकच पिंपळगाव आहे, आणि ते तिच्या लेकीचं आहे. आणि आम्ही आठ दिवस घरात काय घोकत होतो? रविवारी पिंपळगावला जायचं, पिंपळगावला जायचं! त्या कुरडया... ते पोलकं... ते पर्यटन केंद्राला नव्हतं हो, लेकीला होतं! म्हातारी आठ दिवस खुशीत होती, कारण तिला वाटलं, सहा वर्षांनी का होईना, पोरांना सुचलं. आम्ही दोघं मिळून तिला लेकीकडं नेतोय. आणि आम्ही तिला उंट दाखवत होतो.

कुंदन खिडकीकडं तोंड करून बसला होता. हनीफ तिकडून बोलतच होता, ‘मग मी विचारलं, लेकीच्या गावात काय आहे? बोलल्या, द्राक्षं हायेत, कांद्याचं मार्केट हाय. मी बोललो, मग हे बसवंत! नाशकात द्वारका चौकात नेलं, एसटीत बसवलं, खिडकीजवळची सीट दिली. आजींनी कमरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढून कंडक्टरला दाखवलं, आजींना एसटी फुकट. मी कंडक्टरला बोललो, भाई, बसवंतच्या स्टँडवर हात धरून उतरव. तो हो बोलला. बस हलली, मग मी निघालो.’ ऐकलंत? रिलीव्हर आल्याशिवाय त्यानं मशीन सोडलं नाही! एक अनोळखी रिक्षावाला. आणि मी बावीस वर्षांचा सुपरवायझर.

मग मीच ताईला फोन लावला. ‘हं, बोल वाल्मीक.’ आवाज एकदम थंड. म्हटलं, ‘ताई, आई...’ ‘जेवतेय.’ ‘गोळी?’ ‘मेडिकलमधून आणून दिली.’ ‘बरी आहे ना?’ ‘बरीय. तुम्ही कुठं आहात?’ माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘पिंपळगावला.’ आणि विचारलं तिनं... माझ्या सख्ख्या बहिणीनं विचारलं, ‘कोणतं पिंपळगाव?’

ओझर मागं पडलं, बसवंत आलं. आई ओट्यावर बसलेली, पाय सोडून, मांडीवर द्राक्षाचा घड, एकेक मणी पुसून पुसून नातीला देतेय. मला वाटलं होतं रडेल, बोलेल, चार शिव्या देईल. अहो, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं! तर हसून म्हणते, ‘आलात? मला वाटलं तुम्ही पुढं आलात, तर तुम्ही मागंच! पोरं कुठं हायेत? माझी पिशवी आणली का? कुरडया हायेत तिच्यात संध्याच्या.’ पिशवी पुन्हा आमच्याकडं नाहीच! ती मळ्यावर राहिलेली! मी तिच्या पायाशी बसलो. म्हटलं, ‘आई, चुकलं आमचं.’ तर माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणते, ‘घाबरला व्हय रं?’ हरवली ती, आणि घाबरलो का म्हणून मला विचारते. मी रडलो. सांगायला लाज कसली त्यात? लेकीच्या ओट्यावर, अख्ख्या गल्लीसमोर रडलो.

निघायची वेळ झाली. कुंदन पुढं झाला, ‘आई, चल, आता माझा नंबर आहे.’ आई म्हणाली, ‘राहू दे रे. इथं काय वाईट हाय?’ कुंदनच्या तोंडात आलंच ते, सवयच हो आमची, ‘अगं पण लोक काय म्हणतील?’ ताई दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली, ‘लोकांनी मिसळीच्या हॉटेलात काय म्हटलं, ते सांग आधी.’ यावर आम्ही दोघांनी चपला घातल्या.

मळ्यावर परत गेलो तेव्हा पोरं मातीनं माखलेली, खूश, त्यांचं म्हणणं आयुष्यातली सगळ्यात भारी ट्रिप! गोटीरामनं आंब्याखालची खुर्ची अजून उचलली नव्हती. ‘आजी कुठं हायेत?’ मी म्हटलं, ‘पिंपळगावला.’ तो आपल्या पायाखालच्या जमिनीकडं बघायला लागला. कुठून समजावून सांगणार त्याला? कुरडया मात्र दुसऱ्या दिवशी, कंपनीत हाफ डे टाकून, मी स्वतः नेऊन दिल्या.

याला झाले आता चार आठवडे. परवा फोन केला, ताईनं उचलला. ‘आईला दे.’ ‘आई नाहीये घरी.’ ‘कुठं गेली?’ ‘नांदूर-मधमेश्वरला. पाखरं बघायला.’ ‘कुणी नेलं?’ ‘नेलं कुठं, तिनंच नेलंय. गल्लीतल्या पाच म्हाताऱ्या. एसटी फुकट आहे म्हटल्यावर आता ऐकतेय का ती?’ म्हणजे बघा! आम्ही दोन गाड्या, ग्रुप, लिस्ट, थांबे, सगळं करून एक म्हातारी सांभाळू शकलो नाही, आणि ती म्हातारी नुसत्या आधार कार्डावर पाचजणींना फिरवून आणते!

संध्याकाळी तिचाच फोन आला. ‘वाल्मीक, लय लांब पायाची पाखरं असत्यात रे तिथं! आता रविवारी चांदवडला जातोय, देवीला.’ मी म्हटलं, ‘आई, मी येतो ना! गाडी घेऊन येतो, सगळ्यांना आरामात नेतो.’ तर पटकन म्हणाली, ‘गाडी नको बाबा.’ मग तिलाच वाईट वाटलं असणार. म्हणाली, ‘तुला यायचं तर ये की. सातची बस हाय.’ मी म्हटलं, ‘आणि मला थोडा उशीर झाला तर?’ म्हणते, ‘झाला तर झाला. थांबंन मी. निघायच्या आधी मी माणसं मोजत असते.’

रागानं नाही हो बोलली, टोमणाही नव्हता! ‘भाजीत मीठ घालत असते’ म्हणावं तसं साधं बोलली. मी आपला रविवारी सहालाच बसवंतच्या स्टँडवर जाऊन उभा राहणार आहे... मोजणीत आलो म्हणजे मिळवली!